राजरस्त्याची गाडी रानांत नेतांना

१९७१ सालच्या डिसेंबरच्या ३ तारखेस अलास्का प्रांतांतील अँकोरेज शहराहून दोन मोटारगाड्या दक्षिणेकडे निघाल्या. त्यांना जावयाचें होतें तें दक्षिण अमेरिकेच्या अगदीं तळाशीं असलेल्या तिएरा देल फ्वेगो या बेटावर. अंतर सुमारें १८ हजार मैल. या वाटेवर बहुतेक ठिकाणीं बरावाईट कसला तरी रस्ता होता. पॅन-अमेरिकन महामार्ग या नांवानें तो ओळखला जातो. मात्र एका जागीं हा रस्ता तुटलेला होता, आणि तो आजहि तुटलेलाच आहे. पनामा व कोलंबिया या देशांच्या सीमेवर दारियेन नांवाचें अरण्य पसरलेलें आहे. उत्तरेकडून आलेला रस्ता त्याच्या कांठाशीं येऊन थांबतो, आणि पलीकडच्या कांठाला तो पुन्हा सुरू होतो. मध्यें दाट झाडी, चढउताराच्या टेकड्या, असंख्य ओढे व नद्या, आणि कोलंबियाच्या हद्दींत आत्रातो नदीची प्रचंड दलदल आहे.

मोटारीनें हें अरण्य ओलांडण्याचा प्रयत्न त्यापूर्वीं झाला नव्हता असें नाहीं. १९६० सालीं एक लँड रोव्हर व एक जीप अशा दोन गाड्यांनीं तें पार केलें. त्यास १३६ दिवस लागले, आणि सरासरी वेग निघाला तो तासाला दोनशें मीटरांचा! पांगुळगाडा धरून चालणारें मूलहि याहून लवकर जाईल. परंतु त्या दोन्ही गाड्या मुळांतच रांगड्या, शेतासाठीं आणि पलटणीसाठीं घडविलेल्या. १९७१ च्या मोहिमेंतील गाड्या तशा नव्हत्या. त्या रेंज रोव्हर जातीच्या होत्या, आणि ही जात सुखवस्तु लोकांसाठीं निर्माण झालेली होती. सकाळीं शेतावर जावें, दुपारीं घोड्यांची गाडी मागें जोडून शर्यतीस न्यावी, आणि सायंकाळीं तीच गाडी धुऊन पुसून नाटकगृहाच्या दाराशीं उभी करावी, अशी तिच्या मालकाची दिनचर्या कारखानदारांनीं डोळ्यांसमोर धरिली होती. अशी गाडी दारियेनच्या चिखलांत नेतां येईल काय, आणि न्यावयाची तर तिच्यांत काय काय फेरफार करावे लागतील, हा त्या मोहिमेपुढचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचें जें पहिलें उत्तर मोहिमेनें दिलें तें चुकीचें ठरलें. कसें चुकलें, तें समजून घेण्यासारखें आहे. कारण हौसेनें महागडी गाडी घेऊन ती डोंगरांत नेणारीं माणसें तीच चूक आजहि करीत असतात.

प्रथम ती गाडी मुळांत कशी होती तें पाहूं. रेंज रोव्हर इंग्लंडांत १९७० सालच्या जून महिन्यांत बाजारांत आली. तिचें इंजिन आठ नळकांड्यांचें, साडेतीन लिटरांचें व हलक्या ॲल्युमिनियमचें होतें. त्याचा मूळ आराखडा अमेरिकेंतील ब्यूइक गाडीचा. जोर चारी चाकांना सतत मिळे. चारी चाकांना डिस्क ब्रेक होते. बाहेरील पत्रे बहुतेक ॲल्युमिनियमचे. आंतील बैठकी मात्र आजच्या मानानें साध्या, प्लॅस्टिकच्या कापडानें मढविलेल्या, व पायांखालीं रबर. पाण्याची नळी सोडून आंतला भाग धुऊन काढतां यावा हा हेतु. कातडें आणि अक्रोडाचें लाकूड हीं तिला पुढें चिकटलीं. तरीहि ती इतकी देखणी मानली गेली कीं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत घडणीचा नमुना म्हणून तिला स्थान मिळालें.

या गाडीचा खरा गुण मात्र दिसण्यांत नव्हता, तो तिच्या स्प्रिंगांत होता. ट्रक, जीप, जुनी लँड रोव्हर या सर्वांना पोलादी पाट्यांच्या कडक स्प्रिंगा असत. मजबूत गाडी म्हणजे कडक गाडी, अशीच सर्वांची समजूत. रेंज रोव्हरला गुंडाळीच्या लांब व मऊ स्प्रिंगा बसविल्या. त्या बसविल्या त्या बसणाऱ्याच्या पाठीला सुख व्हावें म्हणून. पण खडकाळ जमिनीवर त्यांचा एक निराळाच उपयोग दिसून आला. एक चाक दगडावर चढलें आणि दुसरें खळग्यांत उतरलें, तरी मऊ स्प्रिंगेचें चाक खालीं लांबवर उतरून जमीन धरून ठेवतें. कडक पाट्यांच्या गाडीचें तें चाक अशा वेळीं अधांतरी लोंबत राहतें, आणि अधांतरी चाक हें गाडीच्या उपयोगाचें नसतें. म्हणजे ज्याला लोक चैन समजत होते तेंच रानांत सामर्थ्य ठरलें. गाडी रानासाठीं बदलावयास घेणाऱ्यानें पहिल्याच दिवशीं या स्प्रिंगा काढून जाड व कडक स्प्रिंगा बसविणें हें यासाठींच शहाणपणाचें नव्हे.

ब्रिटिश ट्रान्स-अमेरिकाज मोहीम असें या प्रवासाचें नांव. प्रमुख होते ब्रिटिश सैन्याच्या इंजिनियर दलांतील मेजर जॉन ब्लॅशफोर्ड-स्नेल. दोन्ही गाड्यांवर बरेंच काम करण्यांत आलें. पुढच्या बाजूस विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारा रहाट बसविला. धडक सोसण्यासाठीं लोखंडी दांडे आले. टपावर सामानाचें कॅरियर चढलें. जादा दिवे आले, जादा पेट्रोलाची सोय झाली. ओढे ओलांडतांना पुलासारख्या टाकण्यासाठीं ॲल्युमिनियमच्या शिड्या घेतल्या. आणि दलदलीचा विचार करून मूळच्यापेक्षां पुष्कळ मोठे व रुंद असे खास टायर बरोबर घेतले. यांतील प्रत्येक वस्तु एकेकटी पाहिली तर योग्यच वाटते. मुलाला परगांवीं पाठवितांना आई जसें एकेक डबा भरते, तसेंच हें. प्रत्येक डबा हवाच असतो, पण उचलणाऱ्याचे हात दोनच असतात.

१९७२ च्या जानेवारीच्या मध्यास मोहीम पनामांत दारियेनच्या तोंडाशीं येऊन पोंचली. हा काळ विचारपूर्वक निवडला होता. त्या प्रदेशांत जानेवारी ते एप्रिल हे कोरडे महिने. मे महिन्यापासून पाऊस धरला कीं तेथें माणसानें चालणेंहि कठीण होतें, मग गाडीची गोष्ट बोलावयासच नको. म्हणजे हातांत होते सारे साडेतीन महिने. सैनिक व स्थानिक वाटाडे कोयत्यांनीं झाडी तोडीत पुढें जात, ओझ्याचे घोडे सामान वाहत, आणि मागून गाड्या येत. त्यांत त्या वर्षीं पावसानें हात आंखडता घेतला नाहीं. जमीन ठरल्याप्रमाणें वाळली नाहीं. आणि अरण्यांत थोडेंसें अंतर जातांच गाड्यांचे डिफरन्शियल फुटूं लागले. एक बदलावा तों दुसरा जाई. जवळचे सुटे भाग संपले, आणि जगांतील उत्तमांत उत्तम म्हणून नांवाजलेल्या दोन गाड्या चिखलांत उभ्या राहिल्या.

डिफरन्शियल म्हणजे काय हें समजल्यावांचून पुढचें समजावयाचें नाहीं. मोटारीच्या आंसाच्या मधोमध जो गोल फुगवटा दिसतो, त्याच्या पोटांत हें यंत्र असतें. शाळेंत कवायतीच्या वेळीं मुलांची एक आडवी रांग वळवितात, तेव्हां बाहेरच्या टोकाच्या मुलाला जवळजवळ धांवावें लागतें आणि आंतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागीं पाय हलवितो. वळणावर गाडीच्या दोन चाकांची हीच स्थिति होते. दोन्ही चाकें एकाच दांड्याला पक्कीं बांधलीं असतीं, तर वळतांना एकाला घसटत जावें लागलें असतें. म्हणून डिफरन्शियल मध्यें घालतात. दोन्ही चाकांना तो जोर सारखा वाटतो, पण वेग मात्र ज्याचा त्याला ठरवूं देतो. त्याच्या पोटांतील जीं लहान दंतचक्रें हें वांटपाचें काम करतात, तीं रेंज रोव्हरच्या आंसांत दोनच होतीं. सडकेसाठीं दोन पुरेशीं असतात.

रानांत या यंत्राचा एक दोष प्रकट होतो. एक चाक चिखलांत सापडून गरगर फिरूं लागलें कीं त्याला फिरविण्यास जोर लागतच नाहीं. आणि जोर दोघांना सारखाच वाटावयाचा असल्यामुळें कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाहि तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्यच, जोर मिळतो. एक चाक वेड्यासारखें फिरत आहे, दुसरें ढिम्म हलत नाहीं, हें दृश्य पावसाळ्यांत ज्यानें मोटार शेतांत घातली आहे त्याला नवीन नाहीं. रेंज रोव्हरला असे तीन डिफरन्शियल होते. एक पुढच्या आंसावर, एक मागच्या आंसावर, आणि एक या दोहोंच्या मध्यें. मधल्याला कुलूप घालण्याची सोय होती, म्हणजे निदान पुढचा व मागचा आंस मिळून काम करीत.

आतां मोठ्या टायरांकडे वळूं. चिखलासाठीं रुंद टायर घेण्यांत तत्त्वतः चूक नाहीं. भाताच्या खाचरांत म्हैस सहज चालते आणि घोडा रुततो, याचें एक कारण म्हशीच्या खुराचे दोन भाग टेंकतांना फांकतात आणि उचलतांना मिटतात. ओझें अधिक जागेवर पसरलें कीं रुतणें कमी होतें. मोहिमेच्या रुंद टायरांनीं तें काम केलें असेलच. परंतु टायर रुंद होण्याबरोबर उंचहि झाला, जड झाला, आणि त्याची जमिनीवरची पकड वाढली. हे तीनहि बदल शेवटीं जाऊन आदळतात ते त्या दोन लहान दंतचक्रांवर.

हें कसें, याचा हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. चाक घसरण्यापूर्वीं जमिनीवर जास्तींत जास्त किती जोर लावूं शकतें, हें त्याच्यावरील ओझ्यावर व जमिनीच्या पकडीवर अवलंबून असतें. आणि तेवढा जोर जमिनीवर लागण्यासाठीं आंसाला जो पीळ सोसावा लागतो, तो चाकाच्या त्रिज्येच्या प्रमाणांत वाढतो. विहिरीच्या रहाटाची गोष्ट अशीच आहे. तेंच पोहऱ्याचें ओझें, पण दोर गुंडाळण्याचा ओंडका जाड केला कीं हाताला भार जास्त येतो. उदाहरणादाखल समजा कीं गाडीवरचें ओझें सव्वापट झालें आणि चाकाची त्रिज्या एक-पंचमांशानें वाढली. सव्वा गुणिलें एक पूर्णांक दोन दशांश, म्हणजे दीड. आंसावरील पीळ एकदम दीडपट झाला, आणि यांत जादा पकडीचा हिशेब अजून धरलेलाच नाहीं. शिवाय जड चाक गरगर फिरत असतां एकदम मुळाला किंवा दगडाला लागून थांबलें, तर त्याच्या फिरण्यांत सांठलेली सारी शक्ति एका क्षणांत दांत्यांवर येते. लोहारानें घण मारावा तसा तो धक्का असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत येण्यास मोहिमेला वेळ लागला असावा. मूळचा लहान टायर घसरत होता, हा केवळ त्याचा दोष नव्हता. तो गाडीचा बचावहि होता. घरांतल्या विजेच्या फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. भार वाढला कीं ती जळते, आणि घरचें यंत्र वांचतें. टायर घसरणें ही गाडीची फ्यूज होय. ती तार काढून तेथें जाड खिळा बसविला, तर दिवा कांहीं वेळ लख्ख पेटेल खरा, पण मग जळेल तें यंत्रच. मोठ्या टायरांनीं दारियेनमध्यें नेमकें हेंच केलें.

इकडे दिवस जात होते. कोरड्या ऋतूचा एकेक आठवडा हातून निसटत होता. विलायतेहून रोव्हर कारखान्याचे जाणकार व नवे सुटे भाग अरण्यांत आणवावे लागले. दरम्यान पनामांत एक जुनी वापरलेली लँड रोव्हर विकत घेण्यांत आली, आणि पुढें वाट पाडण्याचें काम तिला देण्यांत आलें. ज्या सुंदर गाड्यांचें नांव गाजवावयाचें, त्यांच्या पुढें ही जुनी दासी वाट झाडीत चालली, याची गंमत तेव्हांच्या मंडळींना वाटली असेल कीं नाहीं कोण जाणे. चिखलांत कंबरभर उभ्या असलेल्या माणसाला गंमत सुचणें कठीणच. तपासाअंतीं बोट ठेवलें गेलें तें मोठ्या टायरांवर व ओझ्यावर. मोठे टायर उतरविले, नेहमीचे चढविले, आणि गाड्यांवरचा भार कमी केला. मग गाड्या चालूं लागल्या.

या एका प्रसंगांत रानांत गाडी नेण्याचें बरेंचसें शास्त्र सांठलेलें आहे. सुधारणा म्हणजे भर घालणें असें हौशी माणसाला वाटतें. टपावर कॅरियर, त्यावर जादा चाक, त्यावर डबे, पुढें लोखंडी चौकट, मागें शिडी. टपावर चढविलेला प्रत्येक शेर गाडीचा तोल वर नेतो, आणि आडव्या उतारावर गाडी कलंडते ती अशाच भारानें. जुन्या जाणत्यांचा नियम उलटा असे. सामान उतरवून ठेवावें. जें नेणें भागच आहे तें खालीं व दोन्ही आंसांच्या मध्यें ठेवावें. आणि मगच काय बसवावयाचें तें ठरवावें.

टायरांच्या बाबतींत तर सर्वांत गुणकारी उपाय फुकटच मिळतो. तो म्हणजे हवा कमी करणें. सडकेवर ज्या टायरांत ३०-३५ पौंड हवा असते त्यांत मऊ वाळूसाठीं १५ ते १८ पौंड ठेवली, कीं टायर खालून चपटा होतो व त्याचा जमिनीवरचा ठसा लांबट होतो. रणगाड्याचा पट्टा जसा लांब असतो तसाच हा थोडासा प्रकार. ओझें पसरतें, पकड येते, आणि चाकाची उंची वाढलेली नसल्यामुळें आंसाला शिक्षा होत नाहीं. मात्र अशा टायरांवर वेगानें जाऊं नये व झटक्यानें वळूं नये; नाहीं तर टायर तापतो किंवा रिमवरून उतरतो. आणि सडकेवर परत येण्यापूर्वीं पुन्हा हवा भरावी, म्हणजे पंप बरोबर हवाच. आजच्या श्रीमंती गाड्यांना एकवीस-बावीस इंची रिम व त्यावर रबराची बारीकशी पट्टी बसविलेली असते. दिसावयास ती झोकदार दिसते खरी, पण तिच्यांत हवेला जागाच कोठें असते? पहिल्या अणकुचीदार दगडावर टायर कापला जातो आणि रिम वांकते. अशी गाडी रानांत न्यावयाची तर टायर बाहेरून मोठा करण्यापेक्षां रिम लहान करून टायराची भिंत उंच करावी. बाहेरची उंची तीच राहते, आंसावर भार पडत नाहीं, आणि हवा कमीजास्त करण्यास वाव मिळतो. मात्र रिम आंतल्या ब्रेकला घासणार नाहीं एवढें आधीं मोजून पाहावें.

पाण्याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. इंजिन हवा ओढतें. ती दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. हवेच्या वाटेनें घोटभर पाणी नळकांड्यांत गेलें, तर वर येणारा दट्ट्या भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो आणि त्याचा दांडा वांकतो. म्हणून हवा घेण्याचें तोंड उंच नेतात. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. दुसरी तितकी माहीत नसते. चालून तापलेला आंस थंड पाण्यांत उतरला, कीं आंतली हवा एकदम आंखडते आणि फटींतून पाणी आंत ओढून घेते. तेलाचें दुधासारखें पांढरें पाणी होतें, आणि महिन्याभरानें दांते खाल्ले जातात. यासाठीं आंसाला श्वास घेण्याची एक बारीक नळी असते, ती लांबवून उंच बांधावी. खर्च अगदीं किरकोळ. पण दुकानांत मिरविण्यासारखी ती वस्तु नव्हे, त्यामुळें बहुतेकांची राहून जाते.

ओढण्याची सामग्री ही तर जिवाशीं गांठ आहे. गाडी रुतली कीं ओढावी लागणारच, म्हणून पुढें व मागें मजबूत आंकडे गाडीच्या सांगाड्याला जखडलेले असले पाहिजेत. ट्रेलर जोडण्यासाठीं मागें जो गोळा असतो, त्याला दोर लावून झटका देऊं नये. गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखाच जातो, आणि त्यानें माणसें मेलेलीं आहेत. विंचचा दोर झाडाला बांधतांना मध्यें रुंद पट्टा घ्यावा, म्हणजे झाडाची साल सोलली जात नाहीं. ताणलेल्या तारेच्या दोरावर एखादी जाड घोंगडी किंवा कोट टाकून ठेवावा, म्हणजे दोर तुटलाच तर तो चाबकासारखा उसळत नाहीं. आणि दोर ताणलेला असतां त्याच्या जवळपास कोणींहि उभें राहूं नये. यांत हयगय नको.

गाडी बदलतां बदलतां किती बदलावी, यालाहि कोठें मर्यादा आहे काय? याचें एक टोकाचें उदाहरण फ्रान्समध्यें घडलें. १९८१ च्या पॅरिस-डकार शर्यतीसाठीं थिएरी द मोंकोर्जे नांवाच्या गृहस्थानें रोल्स-रॉईस उतरविली. लोक थक्क झाले. परंतु आंत पाहावें तों सांगाडा नळ्या जोडून नवा केलेला, इंजिन अमेरिकेच्या शेव्हरोलेचें, आंस व चालविण्याची यंत्रणा जपानच्या टोयोटा लँड क्रूझरची, आणि अंग फायबर ग्लासचें. मूळ रोल्स-रॉईसचें म्हणावें असें त्यांत फार थोडें उरलेलें. यांत्रिक दृष्ट्या तें काम चोख असेल. पण तिला बदललेली रोल्स-रॉईस म्हणण्यापेक्षां रोल्स-रॉईसचें सोंग घेतलेली रानगाडी म्हणणें अधिक खरें. उलट याच शर्यतीच्या पहिल्याच वर्षीं, १९७९ मध्यें, मोटारगाड्यांत पहिली आली ती रेंज रोव्हर. आणि १९८१ सालींहि तीच. तिच्यांतहि फेरफार होते, पण तिचे मूळचे गुण, मऊ लांब स्प्रिंगा आणि चारी चाकांचा जोर, शाबूत होते.

त्या जातीच्या गाड्यांशीं आपला संबंध आतां दूरचा राहिलेला नाहीं. २००८ सालीं टाटा मोटर्सनें जॅग्वार व लँड रोव्हर हे व्यवसाय अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडून विकत घेतले, आणि २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यांत होऊं लागली. आजच्या या गाडींत स्प्रिंगेच्या जागीं हवेच्या पिशव्या असतात. कळ दाबतांच गाडी उंच होते. गरगर फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागून त्याचा वांटा दुसऱ्या चाकाकडे वळतो, म्हणजे डिफरन्शियलचा तो जुना दोष बराचसा झांकला गेला आहे. यंत्रानें एवढें केल्यावर मालकाला करावयास उरतें तें योग्य टायर, पंप, आंकडे, दोर, आणि ओझ्याचा मोह आवरणें. हा शेवटचा भाग कोणत्याहि कारखान्यांत बसवून मिळत नाहीं.

दारियेनमध्यें मोहिमेची कसोटी अजून बाकी होती. टेकड्या संपल्या आणि कोलंबियाच्या हद्दींत आत्रातोची दलदल लागली. तेथें चाकाचा उपयोगच नव्हता. जेथें तळ नाहीं तेथें रुंद टायर काय आणि अरुंद काय, सारखेच. हवा भरलेल्या रबरी होड्यांचा तराफा करून एकेक गाडी त्यावर चढविली, आणि पाण्यांतील झाडोरा कापीत, खुंट चुकवीत, ती पलीकडे नेली. मूळ बेतांतच तराफ्याची सोय होती. बरोबर घेतलेल्या साऱ्या जादा सामानांत याचें वजन मात्र सार्थकीं लागलें. चढणींवर विंच, ओढ्यांवर शिड्या, पाण्यावर तराफा, आणि सर्वत्र माणसांचे हात, अशा रीतीनें एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यांत, म्हणजे शिरल्यापासून सुमारें शंभर दिवसांनीं, दोन्ही गाड्या अरण्याबाहेर आल्या. पावसाळा अगदीं तोंडाशीं येऊन ठेपला होता.

पुढें पुन्हा सडक होती. ज्या गाड्यांना दोन-दोन दिवसांत मैल कापतां आला नव्हता, त्याच आतां दिवसाला शेंकडों मैल जाऊं लागल्या. इक्वेडोर, पेरू, चिली हे देश मागें टाकून १९७२ च्या जूनच्या ९ तारखेस त्या तिएरा देल फ्वेगो बेटावरील उश्वाया या शहरीं पोंचल्या. त्या वेळीं त्यांच्या चाकांवर साधेच टायर होते.